ट्रेलरवरची घरं

आमच्या कॉलेजात सृजनशीलता आली ती टेम्पोतून. म्हणजे तिचा बोर्ड आला. भोसरीहून करून आणलेला, निळ्या अक्षरांचा, 'सर्जनशील विचार कक्ष'. शिपायांनी तो वर्कशॉपच्या माथ्यावरच्या रिकाम्या खोलीबाहेर ठोकला आणि विभागप्रमुख वाबळे सर खालून मान वर करून "थोडा डावीकडे" म्हणत राहिले. वर्षअखेरीला तपासणीची समिती येणार होती. समितीला म्हणे हल्ली मुलांनी नुसतं पास होऊन चालत नाही, त्यांनी अधूनमधून विचारही केला पाहिजे. बोर्ड तर लागला, आता आत बसून विचार करवून घ्यायला कोणीतरी हवं होतं. मी योगिनी बोऱ्हाडे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला ड्रॉइंग शिकवते. वय पन्नाशीला टेकलेलं, तोंड फटकळ. मीटिंगमध्ये बोर्डाचा विषय निघाला तेव्हा मी हसले, आणि तेवढ्यावरच त्या कक्षाचा तास माझ्या गळ्यात पडला.

खोली मात्र मला पहिल्या दिवशीच आवडली. खाली लेथ चालू असले की वरची फरशी तळपायांना जेमतेम कळेल इतकी थरथरायची. यंत्रं थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर वास जिन्यावरून वर यायचा. पश्चिमेला एक लांबलचक खिडकी, तिच्यातून मोशीचे नवे टॉवर आणि त्यांच्या फटीतून इंद्रायणीचा एक तुकडा दिसायचा. त्या टॉवरांच्या जागी पूर्वी आमचे मेथीचे वाफे होते. लहानपणी मी तिथे बांधावर बसून तासन् तास काहीच करत नसे, आणि त्याला कोणी सर्जनशील म्हटलं नाही, उलट घरचे 'न्हाई काम तर गवत तरी उपट' म्हणत.

तास मिळाला गुरुवारचा, दिवसातला शेवटचा. आमच्या पट्ट्यात गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते, आजूबाजूच्या शेडमधले पत्रा ठोकणारे प्रेस बंद असतात. एरवी ज्या धाडधाडीकडे आमचं लक्षही जात नाही ती थांबली की अचानक सगळं लांब गेल्यासारखं वाटतं. थंडीच्या दिवसांत चार वाजताच नदीवर पांढुरकी हवा साचते आणि टॉवरांचे खालचे मजले त्यात बुडतात. अशा हवेत माणसाला विचार करा असं सांगावं लागत नाही, असा माझा समज होता.

पहिल्या गुरुवारी मी वर्गाला सांगितलं, मोबाईल आत ठेवा, बाहेर बघा, मनात येईल ते येऊ द्या. बंटी नावाचा एक उंच, सदा हसरा मुलगा आहे. वर्गाची सगळी गुपितं त्याच्या खोलीवर शिजतात. त्याने हात वर करून विचारलं की हे किती मार्काला आहे. टर्मवर्कचे मार्क आहेत म्हटल्यावर सगळी शोकसभेत बसल्यासारखी गप्प बसली. शेवटी मी म्हटलं, आज मनात काय आलं ते चार ओळींत लिहा. आलेल्या प्रत्येक कागदावर एकच वाक्य होतं: 'आज मला आत्मपरीक्षणाची संधी मिळाली व एक जबाबदार मुलगा म्हणून मी घडलो.' मुलींनीही तेच लिहिलं होतं. बाकाखाली मोबाईल धरून वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, बाकीच्यांनी उतरवलं होतं.

मी त्यांना बोल लावला, पण फार नाही. ही सगळी मुलं बीड, लातूर, सांगली, धुळे अशा ठिकाणांहून आलेली. कोणाचा बाप कंपनीत, कोणाचा भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये. निबंध फळ्यावरून उतरवायचा, उत्तर गाईडातून उतरवायचं, आणि कंपनीत गेलं की ड्रॉइंगमध्ये दिलंय तसंच्या तसं बनवायचं. आयुष्यात कोणी त्यांना तुला काय दिसतंय रे, असं विचारलंच नव्हतं, तर त्यांनी उत्तर आणायचं कुठून?

वर्गात एकच मुलगा या तासाला मनापासून काहीतरी करायचा. तो झोपायचा. त्याचं नाव कुलदीप, औशाकडच्या एका गावातला. चाकणला प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे रात्रपाळी करायचा, सकाळी कंपनीच्या बसने मोशीला उतरायचा आणि तोंड धुऊन थेट वर्गात. इतर दिवशी डोळे ताणून बसायचा. गुरुवारी रात्री ड्यूटी नसायची, म्हणून त्या दिवशी शेवटच्या तासाला निर्धास्त व्हायचा. खिडकीशेजारच्या बाकावर डोकं टेकलं की गेलाच. बंटी त्याला ढोसायला लागला तेव्हा मी म्हटलं, "झोपू दे. निदान तो तरी काहीतरी बघतोय."

असेच काही गुरुवार गेले. एकदा तास संपून मुलं निघून गेली, तरी कुलदीप बाकावरच होता. जागा झाला होता, पण अजून पुरता आला नव्हता. खिडकीकडे बघत त्याने विचारलं, "मॅडम, झोपेत बघितलेलं चालतं का?"

मी म्हटलं, सांग तर खरं. मग तो हळूहळू सांगू लागला. पहाटेची बस धुक्यातून यायची. चाकणच्या रस्त्याला नव्या गाड्या वाहून नेणारे लांब ट्रेलर एकामागे एक उभे असतात, पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाड्या, खाली-वर दोन मजल्यांवर. बसच्या काचेला डोकं टेकून तो अर्धवट झोपेत ते बघत यायचा. आणि एका पहाटे त्याला त्या ट्रेलरवर गाड्या दिसल्याच नाहीत. घरं दिसली. त्याच्या गावची घरं, बेल्टने आवळून बांधलेली. सगळ्यात वर, ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर त्याचं घर. दारात त्याची आई सूप मांडीवर घेऊन तुरीची डाळ निवडत बसलेली.

"तवापासून रोज दिसतंय," तो म्हणाला. "पण ती वर बघतच न्हाई."

गावाला कधी गेला होतास, असं मी विचारलं. त्याने जरा आठवून सांगितलं की उन्हाळ्यात. दिवाळीत जे थांबतील त्यांनाच पुढे काम मिळेल असं ठेकेदार म्हणाला होता, म्हणून तो थांबला. आईशी फोनवर बोलणं होतं, पण फोनवर ती सगळं बरं आहे एवढंच सांगते. मी त्याला म्हटलं, काढ हे. मला नीट चित्र नकोय, जसं दिसलं तसं काढ.

मग वाटलं, त्याला एकट्याला कशाला, सगळ्यांनाच सांगावं. ग्रुपवर मीच टाकलं: अर्धवट झोपेत, बसमध्ये, गाडीवर मागे बसल्यावर, जे दिसतं ते काढून आणा. झेरॉक्सचा साधा कागद, फक्त पेन्सिल. पट्टी नाही, कंपास नाही, खोडरबर तर नाहीच. पुढच्या गुरुवारी जमा करा.

कुलदीपसाठी ते चित्र म्हणजे नुसतं चित्र नव्हतं. त्याची हजेरी कमी भरत होती. मी वाबळे सरांच्या मागे लागून एवढं कबूल करून घेतलं होतं की या तासाचं टर्मवर्क पूर्ण असेल तर त्याची टर्म मंजूर करू. नाहीतर वर्ष गेलं. वर्ष गेलं की डिप्लोमाही सुटतो, असं मी किती मुलांच्या बाबतीत बघितलंय. मग ती मुलं चहाच्या टपरीवर भेटतात, मॅडम म्हणून हसतात, आणि तेव्हाही त्यांना प्रेसवर जायची घाईच असते.

ठरल्या गुरुवारी कुलदीप आला नाही. नबीलाने, म्हणजे चिखलीच्या गॅरेजवाल्या फारूकभाईंच्या मुलीने, सांगितलं की ठेकेदाराने त्याला आठवडाभर डबल ड्यूटी लावलीय, सुट्टीसुद्धा रद्द. बाकी सगळ्यांनी मुकाट्याने कागद टेबलावर ठेवले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. इतकी गुणी मुलं माझ्या वर्गात नाहीत.

सगळी गेल्यावर मी गड्डी पुढे ओढली. पहिल्या कागदावर ट्रेलर होता, त्यावर घरं, सगळ्यात वर दारात बसलेली बाई. मी थरारले. केवढं सुंदर चित्र. दुसऱ्या कागदावर ट्रेलर, घरं, बाई. तिसऱ्यावर तेच. शेवटच्या कागदापर्यंत तेच.

आमच्याकडे याला जीटी मारणं म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. दोन बादल्यांवर काच ठेवायची, काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर एकाचं झालेलं ड्रॉइंग आणि त्याच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेषा वर उमटतात, त्या गिरवायच्या. सबमिशनच्या दिवसांत आकुर्डीपासून मोशीपर्यंत प्रत्येक खोलीवर अशा काचा उजळलेल्या असतात. मूळ ड्रॉइंगात एखादी रेघ चुकलेली असली तर ती चूकही पुढच्या बॅचला वारशाने जाते. मला हे सगळं नवीन नव्हतं. पण स्वप्नाची जीटी मारलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

कुलदीपचा कागद काही त्या गड्डीत नव्हता. प्रत्येक कागदाखाली नाव होतं, फक्त त्याचंच नव्हतं.

मी तणतणत वाबळे सरांकडे गेले. म्हटलं, सगळ्यांना शून्य द्यायचंय. सरांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस वाईट नाही, पण इतकी वर्षं फायली सांभाळून फायलीसारखाच झालाय, बाहेरून कडक आणि आत कागद. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, समिती कागद मोजते. ज्यांचे कागद आहेत त्यांना मार्क द्या. ज्याचा नाही, त्याची टर्म नाही. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी यादी जाणार."

म्हणजे ज्यांनी उतरवलं ते पास, आणि ज्याने बघितलं तो नापास. मी काहीतरी जहाल बोलणार होते, पण सरांनी चष्मा पुन्हा लावला होता आणि दुसरी फाईल उघडली होती. कुलदीपला फोन लावला तर बंद. कंपनीत आत जाताना फोन गेटवर ठेवून घेतात.

मी वर खोलीत परत आले. ऊन तिरपं होऊन पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. खालचे लेथ थांबले होते. त्या उन्हात धूळ इतकी संथ तरंगत होती की खोली पाण्याखाली असावी असं वाटलं. मी पर्स उचलली, पुन्हा ठेवली. रागाच्या भरात गड्डी हातात घेतली, आणि बँकेतला कॅशियर नोटांची चळत अंगठ्याने फर्रकन फिरवतो तशी फिरवली.

चित्र हललं.

मला वाटलं डोळ्यांना झापड आली. पुन्हा फिरवली. ट्रेलर थरथरत होता. घरं जागच्या जागी डुगडुगत होती, बेल्ट सैल होऊन पुन्हा ताणले जात होते. धुक्याच्या म्हणून काढलेल्या दोनचार रेघा वाहत होत्या. प्रत्येकाने गिरवताना हात जरासा इकडेतिकडे गेला होता, कोणाची रेघ केसभर वर, कोणाची खाली, आणि एवढ्या सगळ्या हातांचं ते चुकणं एकामागे एक डोळ्यांसमोरून गेलं की रस्त्यावरून ट्रेलर निघाल्यासारखा दिसत होता. आणि सगळ्यात वर ती बाई. तिचा हात सुपावरून फिरत होता. खरंच फिरत होता. खडा वेचत होता, थांबत होता, पुन्हा डाळीत जात होता.

मी चिडायला बसले होते आणि मला रडू आलं. त्या रिकाम्या खोलीत मी ती गड्डी किती वेळा फिरवली कोण जाणे. ऊन भिंतीवरून चढत छतावर गेलं, टॉवरांचे मजले एकेक करून धुक्यात गेले, आणि मी आपली त्या बाईला डाळ निवडायला लावत बसले. आमची आई बांधावर शेंगा निवडायची तेव्हा तिचा हात असाच चालायचा, न बघता. ते मी विसरले होते हेही मला ठाऊक नव्हतं.

मग एकेक कागद सुटा करून बघितला. गिरवता गिरवता सगळे जरा जरा घसरले होते. एकाने कौलांच्या जागी पत्रे घातले होते. कोणाच्या दाराशी सायकल आली होती. एका घराला धाब्यावर जायचा दगडी जिना होता, एकाच्या भिंतीवर गोवऱ्या. बंटीच्या कागदावर त्या वरच्या घराचं दार निळं रंगवलेलं होतं, फक्त पेन्सिल वापरा असं बजावूनही. खाली नाव नसतं तरी मला ओळखू आलं असतं, असं आता वाटतं. प्रत्येकाचा हात मधेच कुठेतरी आपापल्या घराकडे वळला होता.

दार वाजलं. नबीला होती. ती घरी गेलीच नव्हती, जिन्यात बसून होती. आत येऊन सरळ म्हणाली की कुलदीपचा कागद तिच्याकडे होता. डबल ड्यूटी लागल्यावर त्याने बसस्टॉपवर तिच्या हातात दिला होता, मॅडमकडे दे म्हणून. तिने तो बंटीला दाखवला. बंटी सगळ्याची चेष्टा करतो, पण त्याने तो कागद उजेडाला धरून नीट बघितला आणि म्हणाला की मला पण हे काढायचंय. संध्याकाळी त्याच्या खोलीवर काच लागली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, रांग लागली. मुलींसाठी नबीलाने फारूकभाईंच्या गॅरेजमध्ये गाडीची जुनी काच लावली. परत बंटीच्या खोलीवर शेवटचे दोघं गिरवत असताना चहाचा पेला कलंडला. मूळ कागदाचा लगदा झाला.

"तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "चोरायचं म्हणून नाही काढलं मॅडम. आम्हाला पण त्या ट्रेलरवर बसायचं होतं."

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, कुलदीपला तूच सांग, आणि काही झालं तरी पुढच्या गुरुवारी त्याला उचलून आण.

तो आला. आठवड्यात चेहरा पार उतरला होता, डोळे लाल, बोटांना ग्रीस. पोरांनी त्याला गेटवरच गाठून सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं तो भांडेल, निदान बंटीची गचांडी धरेल. तर तो मलाच म्हणाला की जाऊ द्या मॅडम, एक कागद तर होता. त्याचा मला खरा राग आला. इतक्या लहान वयात माणसाला जाऊ द्या म्हणायची सवय लागू नये.

मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, सर यादी घेऊन येतील, त्याआधी पुन्हा काढ. तुझंच तर चित्र आहे.

त्याने पेन्सिल घेतली. खिडकीकडे बघितलं. बाहेर तीच पांढुरकी हवा, तोच नदीचा तुकडा. बऱ्याच वेळाने त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"आता काही दिसंना मॅडम," तो म्हणाला. "बसमध्ये बसलं की झोप येती, ती नुसती काळी. आठवडाभर काहीच न्हाई."

जन्मभर मी जीटीला शिव्या घातल्या, पकडलेल्या शीटा फाडल्या. आणि त्या दिवशी मीच गड्डी त्याच्यापुढे सरकवून म्हटलं, मग यातला एक घे आणि गिरव बाबा, खिडकीच्या काचेवर धर आणि गिरव. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

कुलदीपने वरचा कागद बघितला, त्याखालचा बघितला. मान हलवली. "ह्यात बंटीचं दार हाय," तो म्हणाला. "माझं घर न्हाई हे."

मी त्याचा हात धरून गड्डीवर ठेवला, अंगठा कडेला लावला आणि म्हटलं, फिरव.

त्याने फिरवली. मग पुन्हा, सावकाश. तिसऱ्यांदा फिरवताना त्याचा अंगठा अडखळला. बंटी बाकावरून उठून मागे येऊन उभा राहिला, मग नबीला, मग हळूहळू सगळे, कारण त्यांनीही हे बघितलं नव्हतं. प्रत्येकाने आपला एकेकच कागद बघितला होता. कोणीतरी हळूच म्हणालं, चाललाय, ट्रेलर चाललाय. धुकं जणू आत आलं होतं, खोलीतला उजेड दुधासारखा झाला होता, आणि खालच्या लेथमुळे फरशी आमच्या पायांखाली थरथरत होती. क्षणभर मला वाटलं आपणच त्या वरच्या मजल्यावर आहोत, बेल्टने बांधलेले, आणि कोणीतरी आपल्याला घेऊन निघालंय.

"माझ्या कागदावर ती हलत नव्हती, मॅडम," कुलदीप म्हणाला. "लई प्रयत्न केला मी. बसमध्ये हलायची, आणि कागदावर आली की बसूनच राहायची." त्याने नाक मनगटाला पुसलं. "आई अशीच निवडती."

मग त्याने कोरा कागद ओढला आणि काढायला लागला. गड्डीकडे बघितलं नाही, खिडकीकडेही नाही. पोरं आपणहून मागे सरली. मी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा कोणी बघावा असा राहिला नव्हता.

वाबळे सर यादी घेऊन वर आले तेव्हा त्याने नुकतंच खाली नाव घातलं होतं. सरांनी बोर्डाकडे एकदा समाधानाने बघितलं आणि विचारलं, कुलदीपचा कागद कुठाय. कुलदीपने तो गड्डीच्या सगळ्यात खाली सरकवला आणि पूर्ण गड्डी त्यांच्या हातात दिली. सर म्हणाले, मला एकच हवाय. मी म्हटलं, तो असा एकटा दिसत नाही सर, फिरवून बघावा लागतो. कसा ते दाखवलं.

सरांनी यादी काखेत धरली आणि गड्डी फिरवली. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते. ट्रेलर थरथरला, घरं डुगडुगली, पत्रे कौलं झाले आणि कौलं पत्रे, दार निळं होऊन गेलं. आईचा हात सुपात फिरत राहिला, फिरत राहिला, आणि शेवटच्या कागदावर थांबला. तिने मान वर केली होती. ती सरळ बघत होती, जो गड्डी धरून उभा होता त्याच्याकडे.

सरांनी चष्मा नाकावर सारखा केला. त्यांनी पुन्हा फिरवली. ते मूळचे सांगोल्याकडचे, एवढंच मला ठाऊक आहे, बाकी त्यांच्या घरात कोण आहे, कोण नाही, मी कधी विचारलेलं नाही. चौथ्यांदा का पाचव्यांदा बघून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कुलदीपच्या नावापुढे खूण केली. गड्डी परत द्यायचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. ती हातात घेऊनच ते जिना उतरले, आणि मधल्या वळणावर थांबल्याचं आम्हाला ऐकू आलं.

पोरं एकदम बोलायला लागली. बंटी पुढच्या चित्रात ट्रेलर कुठे पोचला पाहिजे ते ठरवत होता, नबीला त्याला तो वाकडच्या पुलाखालून जाणारच नाही असं सांगत होती, आणि कोणीही किती मार्काला असं विचारत नव्हतं. कुलदीप सॅक खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, पुढच्या गुरुवारी मी येणार न्हाई," तो म्हणाला. "गावाकडं जाऊन येतो."

ठेकेदाराचं काय, असं मी विचारलं. त्याने विचार केला. खरोखरचा विचार, मला तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

"त्याला सांगतो," तो म्हणाला. "आई बघायलीय."

तो गेल्यावर मी हजेरीपट उघडला आणि पुढच्या गुरुवारच्या रकान्यात त्याची हजेरी आत्ताच लावून टाकली.